छोटा ट्रॅक्टर घेताय? आधी टेप घेऊन जागेवर फिरून या

छोटा ट्रॅक्टर घ्यायचा विचार चाललाय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, किती एचपीचा? खरं तर ते सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. काम कुठलं, वर्षाला किती तास, ट्रॅक्टर तिथपर्यंत पोचतो का आणि पोचला तर वळतो का, एवढं कळलं की एचपी आपोआप निघतो, आणि बऱ्याच जणांना तोवर हेही कळून चुकतं की आपल्याला ट्रॅक्टर नकोच आहे, वर्षातून दोनदा भाड्याने आणला तरी भागतंय. ज्याच्याकडे थोडी जागा आहे, बाग किंवा शेती आहे, गवत वाढतंय, माती-खत हलवायचंय आणि ट्रॅक्टरवर कधी बसलेला नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय.

छोटा म्हणजे इथे साधारण १५ ते ३० एचपीचा धरलाय. वजन सात-आठशे किलोपासून सव्वा टनाच्या आसपास, रुंदी एक-सव्वा मीटर.

पायरी १: कामं लिहा, प्रत्येक कामापुढे तास लिहा

नुसतं "मशागत, गवत, वाहतूक" लिहून उपयोग नाही, तास लिहायचेत. तास काढायचं गणित सोपं आहे. अवजाराची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिला वेगाने म्हणजे तासाला किती किलोमीटर त्याने गुणा, आणि ४ ने भागा, तासाला किती एकर होतं ते आलं. त्यातून पाव भाग कमी करा कारण वळायला, अडकलेलं काढायला, एकावर एक पट्टा घ्यायला वेळ जातोच. उदाहरण बघा, १.२ मीटरचा म्हणजे चार फुटी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) ताशी ३ किलोमीटरने चालवला तर १.२ गुणिले ३ भागिले ४ म्हणजे ०.९ एकर, पाव भाग वजा केला की पाऊण एकरापेक्षा थोडं कमीच, म्हणजे एका एकराला एका फेरीत दीड तास धरून चाला. गवत कापायचं असेल तर वेग जरा जास्त मिळतो, तेवढ्याच रुंदीला एकराला तास-सव्वा तास.

आता समजा जागा दोन एकर आहे, त्यात अर्धा एकर भाजीपाला, तो वर्षात दोनदा आणि दर वेळी दोन फेऱ्या असा फिरवायचा, झाले तीन तास. एक एकर गवत आठ वेळा कापायचं, झाले नऊ-दहा तास. खत, माती, लाकूड इकडून तिकडे करायला बारा तास धरा. सगळं मिळून पंचवीस तास. वर्षभरात पंचवीस तास! नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस साधारण ५० तासांना असते, म्हणजे तास मोजत बसलात तर ती दोन वर्षांनी येईल, पण ऑइल तर वर्षाला बदलावंच लागतं, बॅटरी उभ्या उभ्या उतरते, टाकीत डिझेल पडून राहतं, उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. उभा ट्रॅक्टर हा चालत्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त कटकटीचा असतो हे कोणी सांगत नाही.

याउलट पाच एकराची फळबाग घ्या. ओळींमधलं गवत सहा वेळा, फवारणी आठ वेळा, रोटाव्हेटर दोनदा, वर ट्रॉलीने काढणीच्या वेळची वाहतूक, हे सहज शंभर-सव्वाशे तासांवर जातं. इथे स्वतःचा ट्रॅक्टर घेण्यात अर्थ आहे, कारण फवारणी आज करायची असते, भाड्याचा ट्रॅक्टर परवा येतो.

माझा ढोबळ हिशोब असा, वर्षाला ३०-४० तासांच्या खाली असाल तर भाड्याने घ्या किंवा खालचा पॅरा वाचा, शंभरच्या वर असाल तर घ्यायला हरकत नाही, आणि मधल्या पट्ट्यात असाल तर एकच बघा, तुमची कामं वेळेवर झाली नाहीत तर नुकसान होतं का. गवत आठ दिवस उशिरा कापलं तर काही बिघडत नाही, पेरणीआधीची मशागत आठ दिवस लांबली तर बिघडतं.

मधेच एक, ट्रॅक्टरपेक्षा लहान काही चालेल का

अर्धा एकर, पाऊण एकर असेल तर पॉवर टिलर किंवा वीडर, म्हणजे मागे चालत हाकायची छोटी मशीन, आधी बघा. पण त्याचंही एक गणित आहे जे दुकानात कळत नाही. ६० सेंटिमीटर रुंदीचा टिलर घेऊन एक एकर फिरवायचा म्हणजे त्याच्या मागे पावणेसात किलोमीटर चालायचं, तेही भुसभुशीत मातीत, हँडल दाबत. दोन फेऱ्या झाल्या की साडेतेरा किलोमीटर. पंचविशीतला माणूस करेल, साठीतल्याने विचार करावा. नुसतं गवतच असेल तर ब्रश कटर किंवा बसून चालवायचा मोवर पुरतो, आणि नुसती मातीच हलवायची असेल, ती पण एकदाच, तर एक दिवस जेसीबी बोलवा आणि मोकळे व्हा. एकदाच्या कामासाठी मशीन विकत घ्यायची नसते.

पायरी २: टेप आणि काठी घेऊन फिरा

कागदावर जमलं तरी जागेवर जमेलच असं नाही. दीड मीटरची एक सरळ काठी घ्या, आडवी धरा आणि ट्रॅक्टर जिथून जिथून जाणार त्या सगळ्या वाटेने चालत जा, गेटमधून, दोन झाडांच्या मधून, विहिरीच्या बाजूने, गोठ्याच्या कोपऱ्यावरून. काठी जिथे अडकेल तिथे ट्रॅक्टर किंवा त्याच्या मागचं अवजार अडकणार. हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि यातूनच सगळ्यात जास्त कळतं.

मग वर बघा. ड्रायव्हरच्या मागे जी लोखंडी कमान असते, ट्रॅक्टर उलटला तर माणूस चेपू नये म्हणून, तिची उंची बऱ्याचदा दोन सव्वादोन मीटरच्या पुढे जाते, खाली आलेल्या फांद्या, शेडचा पत्रा, लोंबकळणारी वायर सगळं तिला लागतं. काही कमानी दुमडता येतात पण फांद्या लागतात म्हणून कायम दुमडूनच ठेवायची असेल तर ती असून नसल्यासारखीच, त्यापेक्षा फांद्या छाटा.

वळायची जागा हा नवीन माणसाचा हमखास राहून जाणारा मुद्दा. ट्रॅक्टर आणि मागचा रोटाव्हेटर मिळून साडेतीन-चार मीटर लांबी होते, त्यामुळे ओळीच्या टोकाला बांधापर्यंत निदान चार-पाच मीटर मोकळी जागा लागते. एका दमात वळला तर ठीक, नाहीतर प्रत्येक ओळीला पुढे-मागे, पुढे-मागे, आणि अशा ओळी चाळीस असतील तर वर काढलेले तास दीडपट होतात. बघायचं असेल तर फक्की टाका. एक खुंटी ठोका, अडीच मीटरची दोरी बांधा आणि अर्धं वर्तुळ आखा, साधारण एवढ्यात छोटा ट्रॅक्टर वळतो, मागचं अवजार त्याच्याही थोडं बाहेर झोका घेतं ते धरून बघा. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो, पण जागा आहे की नाही एवढं कळतं. जागा लांबट असेल तर एकर कमी असूनही ट्रॅक्टरला सोयीची, आणि तुकडे तुकडे, वाफे वाफे असतील तर दोन एकर असूनही गैरसोयीची.

रात्री उभा कुठे करणार तेही आत्ताच ठरवा. उन्हापावसात टायरला चिरा पडतात, सीट फाटते, वायरिंगला गंज धरतो. अवजारं पण जागा खातात, आणि ती भिंतीला टेकवून ठेवली तर परत जोडताना कंबर जाते, म्हणून ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये सरळ अवजारापर्यंत येईल अशी शेड हवी.

पायरी ३: उतार आणि माती

उतार डोळ्याने कळत नाही, माणूस नेहमी कमीच सांगतो. पाण्याची लेव्हल पाइप किंवा मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप वापरा. १० मीटर अंतरात पावणेतीन मीटर उतार म्हणजे साधारण १५ अंश, आणि तिथे नवीन माणसाने छोटा ट्रॅक्टर घेऊन जाऊच नये असं माझं स्पष्ट मत. अरुंद ट्रॅक्टर ओळीत बसतो म्हणून आपण खूश होतो पण तोच अरुंदपणा उतारावर आडवं जाताना अंगाशी येतो. वरचं चाक एखाद्या दगडावर चढलं आणि खालचं खड्ड्यात गेलं की १० अंशाचा उतार क्षणभर २० चा होतो. वळताना वेग दुप्पट केला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, हे सपाटीवरही खरं आहे.

अजून एक, टू व्हील ड्राइव्हचे, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळते अशा ट्रॅक्टरचे, ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि उतरताना वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरत राहतो. चारही चाकांना ताकद देणारं फोर व्हील टाकलेलं असेल तर पुढची चाकंही धरून ठेवतात. त्यामुळे उताराची जागा असेल तर फोर व्हील घेताना ओढायच्या ताकदीइतकाच थांबायचाही विचार करा. सपाट, हलकी माती आणि फक्त मोवर, ट्रॉली एवढंच असेल तर टू व्हीलवर भागतं, पैसेही वाचतात, वळतोही कमी जागेत.

माती भारी, चिकट असेल तर वाफसा म्हणजे बेताची ओल आल्याशिवाय आत जायचं नाही. मूठभर माती घेऊन लाडू वळा, कमरेच्या उंचीवरून सोडा, फुटून भुगा झाला तर चला, तसाच थापटीसारखा चिकटून बसला तर घरी बसा. ओल्यात एक टनाचं यंत्र फिरवलं की माती दबते, खाली घट्ट थर बसतो, आणि तो फोडायला पुढच्या वर्षी तुमच्या छोट्या ट्रॅक्टरची ताकद पुरत नाही. तुमच्याकडे वाफशाचे दिवस कमी मिळत असतील तर जरा रुंद अवजार आणि त्याला ओढेल असा ट्रॅक्टर लागतो, कारण तेवढ्याच दिवसात काम उरकायचं असतं.

पायरी ४: आधी अवजार, मग एचपी

इथे जरा थांबून नीट वाचा, पैसे इथेच चुकतात.

कंपनी जो एचपी सांगते तो इंजिनचा असतो. रोटाव्हेटर, मोवर, फवारणी पंप हे सगळं चालतं पीटीओवर, म्हणजे मागे जो फिरणारा दांडा असतो त्यावर, आणि तिथे पोचेपर्यंत साधारण १० ते १५ टक्के ताकद कमी होते. २० एचपीच्या इंजिनला पीटीओवर १७-१८ मिळाले तर चांगलं. माहितीपत्रकात पीटीओ एचपी वेगळा दिलेला असतो, तो बघा, नसेल दिला तर विचारा. रोटाव्हेटरला फुटाला ५ एचपी हा ढोबळ हिशोब धरा, तीन फुटीला १५, चार फुटीला २०, हलक्या मातीत थोडं कमी चालतं, भारी मातीत जास्त लागतं.

रोटाव्हेटरची रुंदी आणि ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची बाहेरून बाहेर रुंदी जुळली पाहिजे. टायर १२० सेंटिमीटर आणि रोटाव्हेटर १०० असेल तर दोन्ही बाजूला दाबलेला पट्टा राहतो, प्रत्येक फेरीत. अशा वेळी अवजार एका बाजूला सरकवून बसवता येतं का बघा किंवा चाकांमधलं अंतर कमी करता येतं का बघा, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरला रिम उलटी करून ते करता येतं.

मग उचलायची ताकद. थ्री पॉइंटवर, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीवर, अमुक किलो उचलतो असं लिहिलेलं असतं, पण ते कुठे मोजलंय ते बघायचं. खालच्या दोन आर्मच्या टोकाला मोजलं तर आकडा मोठा दिसतो, त्याच्या ६१० मिलिमीटर मागे मोजलं तर कमी, आणि तुमच्या अवजाराचं वजन तर मागेच लटकणार असतं. चार फुटी रोटाव्हेटर दोनशे ते तीनशे किलोच्या घरात असतो. तो वर उचलला की पुढची चाकं हलकी होतात, स्टीअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळ जातो, हे पहिल्यांदा होतं तेव्हा चांगलाच घाम फुटतो. एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, म्हणून पुढे वजनाच्या प्लेटा लावायची सोय आहे का ते विचारा.

लोडर म्हणजे पुढे बकेट लावायची असेल तर हेच उलटं होतं. ओली माती घनमीटरला पावणेदोन टन भरते, म्हणजे ०.२ घनमीटरची बकेट भरली की साडेतीनशे किलो पुढे लटकले. मागे तेवढं वजन बांधलेलं नसेल तर मागची चाकं उचलली जातात. बकेट भरून चालायचं तर जमिनीलगत ठेवून, डोक्यावर घेऊन मिरवायचं नाही. रोज खत-माती हलवणारे असाल तर लोडरसाठी पायडलवर पुढे-मागे होणारा हायड्रोस्टॅटिक गिअर सोयीचा, क्लच दाबून दाबून पाय भरून येत नाही. फक्त मशागत असेल तर साधा गिअर बरा, ताकद कमी वाया जाते आणि दुरुस्तीही सोपी.

पिनांचं साइजही जुळवा. थ्री पॉइंटच्या कॅटेगरी असतात, कॅटेगरी १ ला खालची पिन २२ मिलिमीटर, कॅटेगरी ० ला १६. अगदी छोट्या ट्रॅक्टरला कॅटेगरी ० असेल तर भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून मागून आणलेलं अवजार बसणार नाही, आणि छोट्या साइजची अवजारं मिळायला कमी. मला विचाराल तर थोडा मोठा चालेल पण कॅटेगरी १ घ्या. पीटीओचे आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे ५४० हवेत, बहुतेक अवजारं त्यावरच बनलेली असतात, आणि मीटरवर इंजिनच्या किती आरपीएमला ते ५४० मिळतात याची खूण असते.

बजेट करताना सगळे पैसे ट्रॅक्टरवर संपवू नका. रोटाव्हेटर, मोवर, ट्रॉली, पुढची वजनं, ग्रीस गन हे सगळं लागतंच, नाहीतर दारात नुसतं इंजिन उभं राहतं. डिझेलचं म्हणाल तर २० एचपीचा ट्रॅक्टर मध्यम लोडवर तासाला अडीच-तीन लिटर खातो, पायरी १ मधल्या तासांना त्याने गुणून बघा.

टायरचं थोडक्यात: चिखल-मशागतीला खोल नक्षीचे, हिरवळीवर फिरवायचा असेल तर सपाट नक्षीचे, लोडर आणि कडक रस्ता जास्त असेल तर मधले जाड बाजूचे. खोल नक्षीचा टायर लॉनवर एकदा वळवला की लॉन गेलं.

पायरी ५: चालवणार कोण

हा प्रश्न सगळे टाळतात. घरातल्या दुसऱ्या कोणाला चालवायचा असेल तर त्यांना आधी सीटवर बसवा, क्लच पूर्ण दाबता येतो का, मागे वळून अवजार दिसतं का. पीटीओचा दांडा सेकंदाला ९ वेळा फिरतो, साडीचा पदर, ओढणी, सैल शर्ट, मफलर यातलं काहीही त्यात गेलं तर सोडवायला वेळच मिळत नाही, म्हणून त्यावरचं प्लास्टिकचं कव्हर काढून ठेवलेला ट्रॅक्टर असेल तर ते बसवल्याशिवाय हात लावू नका. कमान उभी असेल तर बेल्ट लावायचा, कमान दुमडलेली असेल तर बेल्ट लावायचा नाही, उलटला तर निदान बाहेर फेकले जाल. आणि बुंधा किंवा अडकलेली गाडी ओढायची तर साखळी मागच्या खालच्या ओढायच्या दांड्याला म्हणजे ड्रॉबारलाच, थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याला म्हणजे टॉप लिंकला किंवा सीटखाली उंचावर बांधली की पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर मागे उलटतो, उडी मारायलाही फुरसत मिळत नाही.

पायरी ६: डेमो तुमच्याच जागेवर

शोरूमच्या फरशीवर सगळेच ट्रॅक्टर छान चालतात. डेमो मागा तो तुमच्या जागेवर, तुमच्या मातीत, जे अवजार घेणार तेच लावून. पूर्ण खोलीवर रोटाव्हेटर टाका आणि आवाज ऐका, इंजिन थोडं दबून परत सावरतं ते ठीक, दबतच जातं, काळा धूर सोडतं तर एक साइज लहान अवजार घ्या नाहीतर ट्रॅक्टर मोठा बघा. सगळ्यात अडचणीची ओळ, सगळ्यात अरुंद गेट आणि सगळ्यात चढाचा भाग मुद्दाम करून बघा, चांगल्या भागात नाही. अर्धा तास स्वतः चालवा, विकणारा नाही.

जुना घेत असाल तर आधी कळवा की इंजिन थंड ठेवा, आणि गेल्यावर बोनेटवर हात ठेवून खात्री करा, आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू होण्याची अडचण लपवतं. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळलंय, तिथूनच परत फिरा. अवजार वर उचलून इंजिन बंद करा, दहा मिनिटं गप्पा मारा, तेवढ्यात ते खाली आलं तर हायड्रॉलिक गळतंय. मीटरवर तास कमी आणि क्लचचं पायडल घासून गुळगुळीत असेल तर पायडलवर विश्वास ठेवा. पुढच्या ॲक्सलला चाकाजवळ ऑइलचा ओलावा आहे का बघा, फोर व्हीलला सील गेलेलं असतं तेव्हा तिथे धूळ चिकटून काळा चिखल झालेला दिसतो. आणि भाव बोलायच्या आधी त्या मॉडेलचा ऑइल फिल्टर, क्लच प्लेट आणि फॅन बेल्ट जवळपास कुठे मिळतो ते फोन करून विचारा, फोनवर "मागवावा लागेल, पंधरा दिवस" असं उत्तर आलं तर ते पंधरा दिवस कुठल्या महिन्यात येतील याचा विचार करूनच पुढचं बोला.